पोरीला अठरा लागले, पीयूसी अजून संपली नाही, मग पोटगी बंद होती काय? बेळगाव भागातल्या आयांसाठी सगळं सविस्तर

आमच्या पोरीला डिसेंबरात अठरा पूर्ण झाले. तिच्या पप्पांचे पैसे दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला खात्यावर यायचे, जानेवारीत ब्यांकेचा मेसेजच आला नाही. म्हटलं दोन दिवस इकडंतिकडं होत असेल. दहा तारखेला पासबुक प्रिंट करून आणलं तर शेवटची एंट्री डिसेंबरची आणि त्याखाली सगळं कोरं. फोन केला तर इचलकरंजीहून उत्तर आलं, "कोर्टानं अठरापर्यंत म्हटलंय, झाले की अठरा." इकडं पोरगी दुसऱ्या पीयूसीला, म्हणजे बारावीला, सायन्स, मार्चमध्ये परीक्षा, ट्यूशनचा तिसरा हप्ता थकलेला.

तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. कोर्टाच्या आवारात चकरा मारून, चुका करून, दोन वकील बदलून जे कळलं ते इथं लिहितेय. मी वकील नाही, पण जे लिहिलंय ते कागद बघून लिहिलंय. खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव ग्रामीण, कुठल्याही बाजूच्या बाईला हेच प्रश्न पडतात.

आधी हे का होतं ते बघा. पोर सहा पूर्ण होऊन पहिलीत गेलं तर दहावी संपेपर्यंत सोळा आणि दुसऱ्या पीयूसीच्या वर्षात अठरा, म्हणजे कॉलेज चालू असतानाच वाढदिवस येतो. एखादं वर्ष मागं पडलेलं पोर असेल तर पहिल्या पीयूसीतच. वर आपल्याकडं शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजानं १ जून लिहिलेली अर्धी गल्ली आहे. आमच्या भावाची तीच तारीख, खरा जन्म दिवाळीतला. कोर्ट बघतं जन्मदाखला आणि दहावीचं मार्क्स कार्ड, म्हणून त्या दोन्हीवर तारीख एकच आहे ना ते आजच बघून ठेवा, नंतर समोरचा वकील तेच धरून बसतो.

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात आहे, ती म्हणाली तिकडं कायद्यातच लिहिलंय, पोर अठरा झालं तरी हायस्कूलला फुलटाइम असेल तर बारावी संपेपर्यंत नाहीतर एकोणीस होईपर्यंत, जे आधी होईल तोपर्यंत बापानं द्यायचं. आपल्याकडं असं एका ओळीत कुठंच नाही. इकडं तीन-चार कायदे आहेत, प्रत्येकाचा दरवाजा वेगळा, आणि मुलीला उघडणारा दरवाजा मुलाला उघडत नाही.

सगळ्यात आधी जुन्या ऑर्डरची शेवटची पानं वाचा

हे मी सगळ्यात शेवटी केलं आणि ते सगळ्यात आधी करायला पाहिजे होतं. पोटगीच्या ऑर्डरमध्ये पैसे किती ते सगळ्यांना पाठ असतं, कधीपर्यंत ते कुणीच वाचत नाही. ऑर्डर कन्नडमध्ये असेल तर 'जीवनांश' हा शब्द शोधा, पोटगीला कोर्टात तेच म्हणतात. वाचता येत नसेल तर कन्नड मीडियमच्या एखाद्या पोराला बसवा, लाजू नका.

तिथं साधारण तीन तऱ्हा दिसतात. एक, 'सज्ञान होईपर्यंत', म्हणजे अठराला थांबलं. दुसरी, 'शिक्षण पूर्ण होईपर्यंत' किंवा 'लग्न होईपर्यंत'. हे लिहिलं असेल तर नवी केस टाकायचीच गरज नाही, सरळ वसुलीला जा. तिसरी, काहीच लिहिलेलं नाही, फक्त आकडा. तेव्हा ऑर्डर कुठल्या कलमाखाली झाली ते बघावं लागतं.

संमतीनं घटस्फोट झाला असेल तर तडजोडीचा कागद वेगळा असतो, तो कोर्टाच्या डिक्रीला, म्हणजे शेवटच्या हुकुमाला, जोडलेला असतो. त्यात बापानं 'शिक्षणाचा खर्च करीन' असं कबूल केलेलं असेल तर अठराच्या पुढंही ते त्याच्यावर बंधनकारक राहतं. माझ्या कागदात तसलं काही नव्हतं. 'मुलीच्या पोटगीपोटी दरमहा पाच हजार, सज्ञान होईपर्यंत', बस. सही करताना ती अडीच वर्षांची होती, अठरा म्हणजे लांब वाटलं.

सर्टिफाइड कॉपी हरवली असेल तर ज्या कोर्टात केस झाली तिथं कॉपीचा अर्ज द्या, जुना केस नंबर लागतो. नंबर नसेल तर ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर पक्षकाराच्या नावानं शोधता येतं, पण नावाचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेनं टाकून बघा, आमचं आडनाव तिथं भलतंच लिहिलेलं.

कुठला दरवाजा कुणाचा

पहिला दरवाजा म्हणजे सगळ्यांना माहीत असलेलं १२५ कलम. १ जुलै २०२४ पासून जुनी सीआरपीसी (फौजदारी कामकाजाचा कायदा) गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात हेच कलम आता १४४ आहे. वकील अजून तोंडानं एकशे पंचवीसच म्हणतात, गोंधळू नका. या कलमाखाली पोराला पोटगी अठरापर्यंतच. अठराच्या पुढं फक्त शारीरिक किंवा मानसिक व्यंग असेल, दुखापत असेल आणि त्यामुळं स्वतःचं पोट भरता येत नसेल तर, मग मुलगा असो नाहीतर बिनलग्नाची मुलगी. शिकतोय, शिकतेय, एवढं कारण इथं पुरत नाही.

दुसरा दरवाजा बिनलग्नाच्या मुलीचा. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा १९५६, कलम २०. त्यात सरळ आहे की लग्न न झालेली मुलगी स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर जगू शकत नसेल तर तिला सांभाळायची जबाबदारी आईबापाची, आणि तिथं अठराची अट नाही. शिवाय त्या कायद्यात निर्वाह म्हणजे नुसतं खाणंपिणं धरत नाहीत, कपडे, राहणं, शिक्षण, औषधपाणी सगळं येतं, बिनलग्नाच्या मुलीच्या बाबतीत तर लग्नाचा वाजवी खर्चसुद्धा. २०२० च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं अभिलाषा विरुद्ध प्रकाश या निकालात हे स्पष्ट केलं, १२५ खाली सज्ञान धडधाकट मुलीला मिळणार नाही पण कलम २० खाली हक्क आहे. वकील नवखा असेल तर या निकालाचं नाव तुम्हीच घ्या, तो लगेच सरळ बसतो.

हा कायदा हिंदू, जैन, बौद्ध, शीख यांना लागू, म्हणजे आपल्याकडच्या जैन घरांनाही. मुसलमान बायांसाठी सुप्रीम कोर्टाचा १९९७ चा नूर सबा खातून निकाल आहे, त्यात मुलगा सज्ञान होईपर्यंत आणि मुलगी लग्न होईपर्यंत बापाकडून पोटगी मागू शकते असं म्हटलंय.

जबाबदारी 'आईबापाची' आहे, एकट्या बापाची नाही. म्हणून आई नोकरीला असेल तर तिचा पगारही मोजला जातो. लपवायला जाऊ नका, ब्यांक स्टेटमेंट समोर येतंच.

आता मुलगा. इथं मी गोड बोलणार नाही. कलम २० मध्ये मुलगा अज्ञान, म्हणजे अठराच्या आत, असेपर्यंतच मागू शकतो, त्यामुळं अठरा झालेल्या, धडधाकट, दुसऱ्या पीयूसीतल्या मुलाला स्वतःच्या नावानं मागायला पक्का असा दरवाजा नाही. तरी तीन वाटा बघा.

ऑर्डरमध्ये किंवा तडजोडीत शिक्षणाचं लिहिलं असेल तर ती पहिली आणि सगळ्यात मजबूत वाट. दुसरी, आईला स्वतःची पोटगी मिळत असेल तर ती वाढवून मागायची. परिस्थिती बदलली म्हणून रक्कम बदलायचं कलम पूर्वी १२७ होतं, आता १४६. पोराची पोटगी बंद झाली आणि त्याचं सगळं आईच्या डोक्यावर आलं, हा बदलच की. दिल्ली हायकोर्टानं २०२१ मध्ये असाच विचार करून आईला महिना पंधरा हजार दिले, मुलगा ग्रॅज्युएट होईपर्यंत नाहीतर कमवायला लागेपर्यंत. दिल्लीचा निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही पण दाखवता येतो. तिसरी वाट, घटस्फोटाची केसच अजून चालू असेल तर तिथंच मागा. २०२१ मध्येच सुप्रीम कोर्टानं आपल्या कर्नाटकातल्याच एका सरकारी नोकराला सांगितलं की आजच्या काळात अठरापर्यंतचं शिक्षण पुरत नाही, मुलाची पहिली डिग्री होईपर्यंत द्यायचं, महिना दहा हजार आणि दरवर्षी त्यात हजाराची वाढ. प्रत्येक केसमध्ये असंच होईल असं नाही, पण कागदावर आहे.

वाढदिवसाच्या आधी काय करायचं

पोर सतरा-साडेसतराचं असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा नशीबवान. तेव्हाच अर्ज टाका. अज्ञान असताना आई पालक म्हणून सही करते, केस चालू राहते, मध्ये अठरा झाले तरी अर्जाच्या तारखेपासून अठरापर्यंतचे पैसे कुठं जात नाहीत. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची हे सुप्रीम कोर्टानं ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात ठरवून दिलंय. म्हणजे तुम्ही जितके महिने 'बघू की' म्हणत बसाल तितके महिने गेले. माझे तीन गेले.

आणि अठरा झाल्यावर? इथं माझी पहिली चूक. माझ्या पहिल्या वकिलानं अर्ज टाकला माझ्या नावानं, 'अज्ञान मुलीतर्फे पालक आई'. ती तर सज्ञान. ऑफिसनं ऑब्जेक्शन काढलं, महिनाभर फाईल तशीच, तो म्हणे क्लार्कची चूक. अठरा झालेल्या मुलीची केस मुलीच्याच नावानं, वकालतनाम्यावर सही तिची, ॲफिडेव्हिट तिचं. आधीपासून चालू असलेल्या केसमध्येसुद्धा ती सज्ञान झाली की तिला स्वतः पुढं यायला लागतं आणि तसा मेमो (छोटा लेखी अर्ज) द्यायला लागतो. ज्या दिवशी सही करायची त्या दिवशी आमची पोरगी पेन हातात धरून विचारते, "मम्मी, सही मराठीत करू की इंग्लिशमध्ये?" टायपिस्ट हसला. म्हटलं ब्यांकेत जशी करतेस तशी कर, सगळीकडं एकच असू दे. तिची परीक्षा जवळ होती म्हणून मी तिला आणायला कचरत होते, पण सहीला आणि साक्षीला तिलाच यावं लागतं. तारखा प्रॅक्टिकलच्या दिवशी येऊ नयेत म्हणून हॉल तिकीट जोडून अर्ज दिला, मिळाली तारीख.

कागद

यात वेळ घाला. मी एक प्लास्टिकची फाईल केली आणि प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स.

पोरीचा जन्मदाखला, दहावीचं मार्क्स कार्ड, आधार. कॉलेजचं स्टडी सर्टिफिकेट, चालू वर्षाचं, प्रिन्सिपॉलच्या सही-शिक्क्याचं, त्यात वर्ग आणि शाखा लिहून घ्या. फीच्या पावत्या. ट्यूशनवाले पावती देत नाहीत, म्हणून पुढचे हप्ते सगळे यूपीआयनं भरले, स्टेटमेंटच पावती झाली. हॉस्टेल असेल तर त्याचं. खानापूर बाजूनं रोज येणाऱ्या पोरांचा बसपास. चष्मा, डॉक्टर, वह्यापुस्तकं. मी महिन्याचा खर्च एका पानावर मांडला, फुगवून लिहायचा मोह होतो पण नको, समोरचा वकील एक आकडा खोटा ठरवतो आणि मग बाकीच्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

बापाच्या कमाईचे कागद हे खरं दुखणं. नोकरदार असेल तर पगार कळतो. लूम, टेम्पो, हॉटेल, शेती असेल तर तो म्हणणार 'मला काहीच सुटत नाही'. जमीन कर्नाटकात असेल तर भूमी या सरकारी साइटवरून पहाणी, म्हणजे इकडचा सातबारा, निघते, चंदगड-गडहिंग्लज-कागल बाजूला असेल तर सातबारा महाभूलेखवर दिसतो. गाडी, घर, दुकानाची पाटी, लग्नातले फोटो, जे मिळेल ते. रजनेश निकालानंतर दोन्ही बाजूंना मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचं ॲफिडेव्हिट ठरलेल्या नमुन्यात द्यावंच लागतं, त्यानं दिलं नाही किंवा खोटं दिलं तर ते त्याच्याच अंगलट येतं, म्हणून तुमचा वकील पहिल्या तारखेलाच ते मागतोय ना बघा.

व्हॉट्सॲपवरचे मेसेज उपयोगी पडतात. "अठरा झाले आता तुझं तू बघ" हा मेसेज आम्ही लावला. पण नुसती प्रिंट चालत नाही म्हणून वकिलानं सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट जोडलं, नव्या साक्ष कायद्यात ते कलम ६३ खाली येतं. ज्या फोनवर मेसेज आलेत तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

मराठी कागदांचं भाषांतर करून द्यावं लागतं. आमची जुनी तडजोड मराठीत लिहिलेली होती, कोर्टाचं कामकाज कन्नड आणि इंग्लिशमध्ये चालतं, त्यामुळं ती इंग्लिश करून घेतली. सीमाभागात राहून हे सगळ्यांनाच माहीत आहे तरी ऐनवेळी पळापळ होतेच.

कुठं आणि कुणाकडं

बेळगावात फॅमिली कोर्ट आहे, आवार चन्नम्मा सर्कलजवळ, डीसी (कलेक्टर) ऑफिसला लागून. तुमच्या तालुक्यातून केस कुठं टाकायची हे आधी वकिलाला विचारा, आणि मुलीची केस असेल तर १४४ आणि कलम २० यातलं काय टाकताय तेही तोंडावर विचारा. 'सगळं बघतो मी' म्हणणाऱ्यापासून जरा लांब राहा.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडं जा, तालुक्याला तालुका समिती असते. बाईला तिथं वकील फुकट मिळतो आणि उत्पन्नाची अट नाही, अठरा झालेली मुलगी हीसुद्धा बाईच, त्यामुळं तिलाही. एससी-एसटी असाल तर मुलालाही उत्पन्न न बघता मिळतो. फोन नंबर १५१००. माझा दुसरा वकील तिथूनच मिळाला, तरुण पोरगी, मराठी येत नव्हतं, मी मोडकं कन्नड आणि ती मोडकं हिंदी, पण काम चोख.

मुख्य अर्जासोबत अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या, पोटगीचा अर्ज त्याच दिवशी लावा. १४४ खाली असेल तर समोरच्याला नोटीस लागल्यापासून शक्यतो साठ दिवसांत अंतरिमवर निर्णय व्हावा असं कायद्यातच आहे. नोटीस लागणं हेच तर अवघड, आमच्या नोटिसा इचलकरंजीहून दोनदा 'घरी नाही' म्हणून परत. मग कामाच्या ठिकाणचा पत्ता दिला आणि लगेच लागली, कारण मालकासमोर घ्यावी लागली. पत्ते दोन द्या, पहिल्यापासून.

मीडिएशनला नाक मुरडू नका

फॅमिली कोर्ट आधी मध्यस्थ बसवून समेटाचा प्रयत्न करतंच. मी चिडून गेले होते, वाटलं परत तेच ऐकायचं. पण तिथं एक गोष्ट कळली, तिच्या पप्पांचा राग पैशावर कमी आणि पैसे माझ्या हातात येण्यावर जास्त होता. मग ठरलं ते असं, महिना सात हजार पोरीच्या स्वतःच्या खात्यावर, कॉलेजची अर्धी फी थेट कॉलेजला.

तडजोड लिहिताना मात्र शब्द मोजून घ्या. 'पीयूसी होईपर्यंत' असं मोघम लिहू नका. दुसऱ्या पीयूसीला त्याच वर्षी पुन्हा बसायची संधी असते, आमच्या वेळी परीक्षा एक, दोन, तीन अशा तीन होत्या, एक विषय गेला आणि पोर परीक्षा दोनला बसलं की बाप म्हणणार मार्चला संपलं. म्हणून 'दुसऱ्या पीयूसीचा शेवटचा निकाल लागेपर्यंत, परीक्षा दोन आणि तीन धरून' असं लिहून घेतलं. त्यापुढं डिग्रीचं काय, सीईटी-नीटसाठी एक वर्ष थांबली तर काय, तेही त्याच कागदात. दरवर्षी किती वाढ, किती तारखेला, कुठल्या खात्यावर. आणि त्यावर कोर्टाची ऑर्डर होऊ द्या, नुसत्या नोटरीच्या कागदावर भरवसा ठेवला तर वसुलीला परत नवी केस.

शिक्षणाच्या खर्चावर मुलीचा कायदेशीर हक्क आहे हे सुप्रीम कोर्टानं २०२५ च्या जानेवारीत पुन्हा सांगितलंय, मीडिएशनमध्ये हे बोलून दाखवायला हरकत नाही.

पैसे आलेच नाहीत तर

१४४ ची ऑर्डर असेल तर थकल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज टाका, वर्ष उलटलं की त्या महिन्यासाठी वॉरंट निघत नाही. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. बाप महाराष्ट्रात किंवा गोव्यात असला तरी तो जिथं आहे तिथल्या मॅजिस्ट्रेटकडून ऑर्डर अमलात आणता येते. कलम २० ची डिक्री असेल तर एक्झिक्युशन, म्हणजे डिक्री अमलात आणायचा अर्ज, टाकायचं, त्यात पगारावर टाच आणता येते, आणि पोटगीच्या डिक्रीत पगाराचा एक तृतीयांशच टाचेतून सुटतो, बाकीच्यावर हात घालता येतो.

फौजी बापाचं वेगळं. आपल्या गावागावात घरटी एक तरी सैन्यात, त्यामुळं हे लिहायलाच हवं. चालू नोकरीतल्या जवानाच्या पगारावर सिव्हिल कोर्ट टाच आणू शकत नाही, आर्मी ॲक्टमध्येच तसं संरक्षण आहे. पण त्याच ॲक्टखाली बायकोपोरांच्या पोटगीसाठी पगारातून कापायची सोय आहे, त्यासाठी अर्ज त्याच्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडं, ऑर्डरची कॉपी जोडून, रजिस्टर पोस्टानं. शेजारच्या गल्लीतल्या एकीनं दोन वर्षं कोर्टात टाच मागण्यात घालवली, हे कुणी सांगितलंच नाही तिला.

पोरीच्या नावाचं खातं ज्या ब्यांकेत काढाल तिथं मेसेजची सोय चालू करा आणि नंबर तुमचाही द्या. महिन्याच्या दहा तारखेला पासबुक प्रिंट करा, एंट्री नसेल तर त्याच दिवशी वकिलाला फोटो पाठवा. आमच्या पासबुकात पहिली एंट्री ऑगस्टमध्ये पडली, सात हजार, तीन दिवस उशिरा.